फ्रीझर घेण्याआधी भिंतीतली वायर बघा

उल्हासनगरच्या बाजारात डीप फ्रीझर घ्यायला आलेलं कुटुंब पहिला प्रश्न विचारतं लिटरचा आणि दुसरा हप्त्याचा. शंभर लिटरचा पुरेल की दोनशेचा, झाकण वर उघडणारं बरं की कपाटासारखं दार, किती महिन्यांत फिटेल. प्रश्न योग्यच आहेत. पण घरातल्या ज्या भिंतीला तो लागणार तिच्यातली वायर किती जाडीची, तिथल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. मी विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत फ्रिज आणि फ्रीझर दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत मूळ यंत्राचा दोष फार थोड्या वेळा निघतो. बाकी सगळं वीज, जागा आणि हाताळणी. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. फ्रीझर जरूर घ्या, पण त्याच्या आधी त्याची वीज आणि त्याची जागा नक्की करा. ती नीट मिळावी म्हणून बिल्डरकडे, सोसायटीत आणि महावितरणकडे हक्काने बोला.

घरात वेगळा फ्रीझर म्हणजे चैन, असं अजून बरेच जण मानतात. आमच्या भागात ती चैन नाही. बदलापूरहून सीएसएमटी रेल्वेने सत्तर किलोमीटरच्या आसपास. सकाळची गाडी पकडणारी बाई रात्री घरी पोचते तेव्हा भाजीवाले आवराआवर करत असतात. लेडीज डब्यात गवार मोडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका या मार्गावर कुणी पाहिल्या नाहीत? ज्या घरात रविवारी मटार सोलून, नारळ खवून, कांदा-टोमॅटोचं वाटण परतून, छोट्या पिशव्यांत भरून गोठवलं जातं, त्या घरातल्या बाईला आठवड्यातल्या संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो. तो वेळ मला फार मोलाचा वाटतो.

शिवाय इथल्या जेवणालाच फ्रीझर लागतो. उल्हासनगरात सिंधी घरांत हिवाळ्यात भे, म्हणजे कमळकाकडी, साफ करून उकळत्या पाण्यातून काढून ठेवतात. आगरी घरांना पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत ताजी मासळी मिळत नाही, मग मे महिन्यात घेतलेली सुरमई कामाला येते. आणि बदलापूरचं जांभूळ! त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायका ते विकतात तेव्हा सकाळचं फळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ पडलेलं असतं. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, त्यात पहिला जोराचा पाऊस आला की संपलाच. धुऊन, कोरडं करून, ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरलेलं जांभूळ दिवाळीनंतरही तसंच जांभळं निघतं. बिया काढून गर गोठवला तर आणखी कमी जागेत बसतो. ज्या फळाचं नाव आपण अभिमानाने घेतो ते चार दिवस खायचं की वर्षभर, हे शेवटी घरातल्या उणे अठरा अंशांवर ठरतं.

उणे अठरा हा आकडा लक्षात ठेवावा. जगभर गोठवलेल्या अन्नासाठी तोच धरतात. फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात पाणी गोठतं म्हणून तिथे मासळी महिनोन्‌महिने टिकेल असं नाही, साध्या एका दाराच्या फ्रिजमध्ये तो कप्पा बऱ्याचदा उणे सहा-आठच्या पुढे जात नाही. आणखी एक गैरसमज सतत भेटतो: गोठवलं की जंतू मरतात. मरत नाहीत, थांबतात. माल बाहेर काढून तो वितळला की ते पुन्हा वाढायला लागतात.

आता वायरीकडे येतो.

कात्रपला एका नव्या इमारतीतून बोलावणं आलं होतं. पावसाळ्याचे दिवस. फ्रीझर नवा कोरा, स्वयंपाकघराच्या दारामागे उभा, आणि एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला. त्याच बोर्डवर मिक्सर आणि मोबाइलचा चार्जर. काकू म्हणाल्या, "दादा, झाकणाला हात लावला की झिणझिण्या येतात. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुला भास होतो."

"काकू, चप्पल घालून हात लावता तेव्हाही येतात?"

"नाही. लादी पुसताना अनवाणी असते, तेव्हाच."

तिथेच मला कळलं. एक्स्टेंशन बाजूला केला आणि भिंतीतल्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लख्ख लागला. फेज आणि अर्थमध्ये लागलाच नाही. प्लगचा बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत गुंडाळून, टोकाला टेप लावून ठेवलेली. दुसऱ्या बोर्डात ती स्क्रूला जोडलेली होती, पण खाली मीटरच्या खोलीत जाऊन पाहिलं तर मजल्यावरून उतरलेली अर्थची पट्टी जमिनीतल्या कुठल्याही अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. म्हणजे अख्ख्या इमारतीत तीन भोकांचे प्लग होते आणि तिसरं भोक शोभेचं. त्याच जिन्यावरच्या शेजाऱ्यांकडेही तीच गत.

कॉम्प्रेसरच्या मोटरीतून थोडीशी वीज बॉडीवर येत असते. पावसाळी दमटपणात ती वाढते. अर्थिंग धड असेल तर ती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर ती वाट बघत थांबते आणि ओल्या लादीवर अनवाणी उभी असलेली बाई तिला वाट देते. आज झिणझिण्या आहेत, उद्या आतल्या वायरीचं इन्सुलेशन फाटलं तर जीव जाईल. तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी, जिला आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबी म्हणतात, ती बसवली असेल तर अशी वीज माणसातून वाहू लागताच क्षणात लाइन तुटते. घराच्या एकूण किमतीत तिचा खर्च काहीच नाही. टेस्ट लॅम्पचा प्रयोग मात्र घरच्या घरी करू नका, इलेक्ट्रिशियनला समोर उभं राहून करायला सांगा.

जुन्या उल्हासनगरचं दुखणं वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्याच बॅरकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. ज्यांनी शून्यातून घर उभं केलं त्यांनी खोलीला खोली जोडली, मजल्यावर मजला चढवला, आणि वायरही तशीच जोडत जोडत पुढे नेली. अशा घरांत मुळात दोन दिवे आणि एका पंख्यासाठी टाकलेल्या बारीक वायरीवर आज फ्रिज, फ्रीझर, वॉशिंग मशीन चालतं. फ्रीझर चालताना फार वीज खात नाही, पण सुरू होतानाच्या क्षणाला त्याची मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. बारीक, लांब आणि जागोजागी जोडलेल्या वायरीत त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं. मोटर घुं घुं करते, फिरत नाही, तापते, ओव्हरलोड तिला बंद करतो. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. असं उन्हाळाभर चाललं की कॉम्प्रेसर जळतो. मग नवा कॉम्प्रेसर बसवतात, तोही त्याच वायरीवर. फ्रीझरसाठी मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंगवाला प्लग, एवढं केलं तर हे चक्र थांबतं.

स्टॅबिलायझर घ्यावा का, हे मला रोज विचारतात. नव्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या मॉडेलवर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असतं, आणि पाटीवर दिलेल्या व्होल्टेजच्या हद्दीपुरतं ते खरंही असतं. अडचण हद्दीबाहेर आहे. वादळात फांदी पडली, डीपीतला न्यूट्रल तुटला, की ज्या घरात २३० व्होल्ट यायला हवेत तिथे चारशेच्या जवळपास जातात. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या गल्लीतले टीव्ही, फ्रिज, पंखे एकाच रात्री जळतात ते बहुधा यामुळेच. त्यासाठी मेन बोर्डात जादा-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण बसवावं. त्याने एकटा फ्रीझरच काय, सगळं घर वाचतं. जुना साधा कॉम्प्रेसर असेल तर टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर हवाच. लाइट गेली आणि लगेच आली, की आतल्या गॅसचं प्रेशर उतरलेलं नसतं आणि त्या प्रेशरविरुद्ध मोटरला सुरू व्हावं लागतं. डिले नसेल तर लाइट आल्यावर पाच मिनिटं फ्रीझरचं बटण बंद ठेवा. घरातल्या मुलांनाही हे शिकवा, कारण दुपारी घरात तीच असतात.

जागेबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्याकडच्या फ्लॅटमध्ये ती नसते. वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात ओटा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन झाल्यावर फ्रीझर गॅलरीत जातो. तिथे त्याला दुपारचं ऊन लागतं आणि पावसाची झड. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. फ्रीझरच्या मागे एक छोटी पाटी असते, तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' वर्ग त्रेचाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, 'एन' वर्ग फक्त बत्तीसपर्यंत. स्वस्तात मिळतो म्हणून बाहेरून आणलेला माल घेताना ही पाटी वाचा. आणि 'टी' वर्गाचा असला तरी उन्हात तापलेल्या पत्र्याशेजारी त्रेचाळीस केव्हाच मागे पडतात.

झाकणवाल्या बहुतेक फ्रीझरमध्ये आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने फिरवलेली असते. म्हणून त्याच्या बाजू गरम लागतात, तो बिघाड नव्हे. पण तो भिंतीला घट्ट चिकटवला, वर गाद्या रचल्या, बाजूला तांदळाची पोती लावली, की ती उष्णता जाणार कुठे? चारी बाजूंनी चार बोटं तरी जागा सोडा.

गॅलरीचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो मी प्रत्येक घरी सांगतो. दोनशे लिटरचा फ्रीझर रिकामा चाळीस-पन्नास किलोचा असतो. भरला की दीडशेच्या घरात जातो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात लागोपाठ दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. ज्या जुन्या इमारतीच्या गॅलरीखाली गंजलेल्या सळया दिसतात, छताचं प्लास्टर सुटतं, तिथे हे ओझं ठेवू नका. आतल्या खोलीत, बीमजवळ, कोपऱ्यात ठेवा. नाहीच जमलं तर लहान फ्रीझर घ्या.

एसी बसवायला कंपनीचा माणूस येतो. फ्रीझर टेम्पोतून येतो, हमाल जिन्यावरून चढवतात, खोका फाडतात आणि जातात. अरुंद जिना असला तर तो आडवा करूनच चढवलेला असतो. आडवा केल्यावर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. म्हणून उभा केल्यावर लगेच सुरू करायचा नाही. जितका वेळ आडवा होता तितका वेळ, आणि कमीत कमी तीन-चार तास, तो सरळ उभा राहू द्या. पाये फिरवून पातळीत आणा, डुगडुगणाऱ्या फ्रीझरचं झाकण नीट बसत नाही. मग रात्रभर रिकामा चालवा. दुसऱ्या दिवशी माल भरायला घ्या, तोही बेताने. दोनशे लिटरच्या फ्रीझरने एका दिवसात सहा ते नऊ किलो ताजा माल धड गोठवला तर पुष्कळ. होळीच्या आधी वीस किलो मटार एका रात्रीत कोंबले की मधले मटार दोन दिवस कोमटच राहतात.

हळूहळू गोठणं वाईट का, हे समजून घेण्यासारखं आहे. शंभरएक वर्षांपूर्वी क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिलं, की तिथले लोक पकडलेला मासा क्षणात गोठवतात आणि महिन्यांनी खाल्ला तरी तो ताज्यासारखा लागतो. हळू गोठताना पाण्याचे मोठे खडे होतात, ते मांसाच्या पेशी फोडतात, आणि वितळताना सगळा रस वाहून जातो. झटकन गोठलं की खडे बारीक राहतात. आजचा गोठवलेल्या अन्नाचा सगळा उद्योग त्या निरीक्षणावर उभा आहे. घरी आपल्याला एवढंच करायचं असतं: जाड गोळा न ठेवता पातळ, चपट्या पिशव्या करायच्या, आतली हवा दाबून काढायची, आणि नव्या पिशव्या कडेच्या भिंतीला टेकवून लावायच्या, कारण तिथे थंडावा सगळ्यांत जास्त. मटार आधी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, नाहीतर गोठलेल्या अवस्थेतही त्यांचा रंग आणि चव उतरत राहते. पिशवीवर तारीख लिहा. मासळीच्या पिशवीवर तर नक्कीच.

लाइट गेली की लोक घाबरून झाकण उघडतात, आत काय झालं ते बघायला. नेमकं तेच करायचं नाही. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण अठ्ठेचाळीस तास माल धरतो, अर्धा भरलेला चोवीस तास. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तशी मोठी घटना झाली तरी बंद झाकणाआड काही बिघडत नाही. माल कमी असेल तर मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, काठोकाठ न भरता. गावी जाताना एक सोपी खूण ठेवा. वाटीत पाणी गोठवायचं, वर एक नाणं ठेवायचं. परतल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. ते तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आणि तसली मासळी, मटण, दूध वास येवो न येवो, टाकून द्यावं. लाइट आल्यावर पिशवीत बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव थोडी उतरेल, एवढंच.

आता सुरीबद्दल. याच्याइतकं मला दुसऱ्या कशाचं वाईट वाटत नाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एका घरात गेलो होतो. ताईंनी सण जवळ आला म्हणून फ्रीझर साफ करायला काढला होता. आत दोन बोटं बर्फ चढलेला. त्या सुरीच्या टोकाने तो उचकटत होत्या. मोठा तुकडा निघाला आणि त्याबरोबर फुस्स असा आवाज आला. मी पोचलो तेव्हा आवाज थांबला होता. आतल्या पत्र्यावर मोहरीएवढं छिद्र, त्याभोवती तेलाचा पुसट डाग. बाकी फ्रीझर अगदी उत्तम स्थितीत होता. झाकणाचं रबर नव्यासारखं, कॉम्प्रेसरला काही नाही. पण आतली नळी ॲल्युमिनियमची आणि पत्र्यामागे फोममध्ये बंद. तिथे केलेली जोडणी पुढे टिकेल अशी खात्री कुणालाच देता येत नाही.

बर्फ अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की साफसफाई करावी, त्याच्या पुढे जाऊ देऊ नये. जाड बर्फ थंडावा अडवतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. माल जाड चादरीत गुंडाळून पातेल्यात ठेवा, बटण बंद करून पिन काढा, खालच्या भोकाचं बूच काढून त्याखाली ताट सरकवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण टाका. अर्ध्या-पाऊण तासात बर्फ आपोआप सुटतो. प्लॅस्टिकच्या उलथन्याने तो उचलावा. मग सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, पूर्ण कोरडं करून सुरू करा. हे काम दोघांनी मिळून करायचं आहे. घरातल्या पुरुषांनी फ्रीझरचा हप्ता भरला म्हणजे त्यांचं काम झालं असं नाही.

बर्फ नेहमीपेक्षा लवकर चढत असेल तर झाकणाच्या रबराकडे बघा. कागदाची पट्टी झाकणात धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून दमट हवा आत जाते. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, फक्त तेलकट मळाने कडक झालेलं असतं. साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं की पुन्हा धरतं.

गॅसच्या नावाखाली आमच्याच धंद्यात जे चालतं तेही सांगतो. फ्रीझरमधला गॅस संपत नाही. तो पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता 'गॅस भरून देतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका, दोन महिन्यांत तो पुन्हा येईल. वालधुनीच्या काठाला आणि कारखान्यांजवळच्या वस्त्यांत तांब्याच्या नळीवर काळा थर चढलेला मला वारंवार दिसतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तांबं असं काळं पडतं आणि पातळ होतं, तिथे गळती लवकर होते. नदीत रसायनं सोडणाऱ्यांचं बिल असं घराघरातून फाटतं. नव्या फ्रीझरमध्ये बहुतेक आर सहाशे ए गॅस असतो. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर ओझोनला मारणारे जुने गॅस गेले आणि पुढे हा आला. पर्यावरणाला तो पुष्कळच बरा, पण तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. जळतो. तो मोजून, वजनकाट्यावर, काही ग्रॅममध्ये भरायचा असतो. नळीतला उरलेला गॅस मोकळ्या हवेत काढल्याशिवाय ज्योत लावणारा माणूस तुमचं स्वयंपाकघर पेटवू शकतो. काटा आणि व्हॅक्युम पंप बरोबर नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पुराचंही सांगायला हवं. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदी २६ जुलै २००५ ला आत आली, २७ जुलै २०१९ ला पुन्हा आली. त्याच दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. तळमजल्यावरचा फ्रीझर पाणी चढलं की तरंगतो, आडवा होतो आणि दार अडवून बसतो. पाणी वाढतंय असं कळताच मेन बंद करा, झाकण चिकटपट्टीने लावा, जमलं तर माल वरच्या मजल्यावर द्या. पूर ओसरल्यावर आत शिरलेल्या पाण्याला लागलेलं सगळं अन्न टाकायचं, कितीही जीव हळहळला तरी. तो गाळ फक्त मातीचा नसतो. आणि बाहेरून वाळलेला दिसला म्हणून फ्रीझर सुरू करू नका. मोटरीची जोडणी आणि रिले उघडून वाळवेपर्यंत पिन लावायचीच नाही. पाटावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेला फ्रीझर घोटाभर पाण्यातून वाचतो. हेंद्रेपाड्यासारख्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

महावितरणकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. ठरवून बंद ठेवायची वीज किती ते किती बंद राहील हे एसएमएसमध्ये नेमकं कळवावं आणि वेळ पाळावी. डीपीतले न्यूट्रलचे जोड पावसाळ्याआधी तपासावेत. न्यूट्रल तुटून घरातल्या वस्तू जळाल्या तर पंचनामा आणि भरपाईची वाट सामान्य माणसाला जमेल इतकी सोपी असावी. तुम्हीही १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोंडी सांगून आलेल्या तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

बिल्डरांकडे मात्र मी आग्रहाने मागतो. बदलापूर आणि अंबरनाथला दर वर्षी नवे टॉवर उभे राहतात, नमुना फ्लॅटमध्ये सोफा आणि खोटी फुलं असतात. त्या नकाशात स्वयंपाकघराशेजारी फ्रीझरसाठी सावलीतली अडीच फुटांची जागा आणि अर्थिंगवाला स्वतंत्र प्लग दाखवा. गिऱ्हाइकांनी ते विचारायला सुरुवात केली की बिल्डर देतील. ज्यांनी आधीच ताबा घेतला आहे त्यांच्यासाठी २०१६ चा रेरा कायदा आहे. त्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांच्या तरतुदीतला दोष लेखी कळवला तर तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता, दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. जमिनीपर्यंत न पोचलेली अर्थिंगची पट्टी हा तसा दोष नाही तर दुसरं काय? सोसायटीने लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक जिन्याचं अर्थिंग तपासून घ्यावं, त्याचा कागद जोडून सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्यावं, आणि पोच घ्यावी. कात्रपच्या त्या इमारतीने असं पत्र दिलं, आणि खड्डा खणून पट्टी जोडून मिळाली. पाच वर्षं उलटल्यावर हाच खर्च सोसायटीच्या फंडातून करावा लागतो.